एका लिटरची बखर

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच नवी कोरी पिकअप गाडी घेऊन दारात उभा राहिला. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे. त्याने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. घरातली मंडळी बाहेर आली, शेजारी जमले. रंग छान आहे, असे बायका म्हणाल्या. पोरे मागच्या हौद्यात चढली. आणि पुरुषांपैकी जो पहिला बोलला त्याने तोच प्रश्न विचारला, जो आमच्या नाशिक जिल्ह्यात प्रत्येक नव्या गाडीच्या नशिबी असतो :

“ॲव्हरेज किती देते?”

इंग्रज माणूस याला ‘मायलेज’ म्हणेल. आपण मात्र मूळ शब्द बाजूला सारून त्या जागी ‘ॲव्हरेज’, म्हणजे नुसती ‘सरासरी’, आणून बसवली आहे. सरासरी कशाची, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. एक लिटर तेलात गाडी किती किलोमीटर जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते.

“लिटरला पंधरा, गुरुजी!” तो अभिमानाने म्हणाला. “कागदावर लिहून दिलंय. मी त्यावरच भाड्याचा हिशेब मांडला आणि कर्ज काढलं.”

पेढा माझ्या तोंडात होता म्हणून बरे. नाहीतर सणाच्या दिवशी माझ्या तोंडून काही अभद्र निघाले असते. मी एवढेच म्हणालो, “दिवाळीच्या आत एकदा ये. तुला एक वही दाखवायची आहे.”

ती वही आमच्या आजोबांची. सगळा गाव त्यांना तात्या म्हणे, म्हणून आम्हीही तात्याच म्हणत असू. लाल कापडी बांधणीच्या त्या लांबोडक्या वहीत गाडीत घातलेल्या तेलाचा थेंबन्‌थेंब लिहिलेला आहे. आज मी जी बखर सांगणार आहे तिला आधार त्या वहीचा. मात्र तिची सुरुवात तात्यांच्याही आधी, सातासमुद्रापलीकडे होते.

१९४० साली युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकन सैन्याला चिखलातून, वाळूतून, ओढ्यानाल्यांतून जाईल अशी हलकी आणि दणकट गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना तयार करून दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या बांधल्या. हीच जीप. पुढच्या नळीत साठ अश्वशक्तीचे, सुमारे सव्वादोन लिटर मापाचे पेट्रोल इंजीन. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे. एकाने पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा, दुसऱ्याने गाडी मुंगीच्या पावलांनी पण हत्तीच्या बळाने चालायची. मागच्या दोन चाकांवर चालणारी मोटार जिथे रुतून बसे तिथून ही चारही पायांनी जनावरासारखी वर येई.

तिची रचना करणाऱ्यांनी वेगाचा विचार केला, वजनाचा केला, दुरुस्ती सोपी असावी याचाही केला. तेल किती पिईल ही चिंता मात्र त्यांच्या यादीत वरची नव्हती. लढाईत पेट्रोलचा खर्च सरकारचा असतो. शिवाय अमेरिकेत ते पाण्यासारखे मिळे. आपल्याकडे त्याच युद्धाच्या काळात पेट्रोलचे रेशनिंग होते. मोटारीच्या मागे भट्टी बांधून कोळशाच्या गॅसवर गाडी हाकीत असत. म्हणजे जीप जन्मली श्रीमंताघरी, आणि तिला नांदायचे होते गरिबाघरी. तिच्या पुढच्या साऱ्या कथेचे मूळ या विसंगतीत आहे.

नांदायला ती आली मुंबईच्या वाटेने. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम महंमद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी स्थापली. पहिला धंदा पोलादाचा. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. अमेरिकेहून सुटे भाग आणून येथे जीप जोडण्याचे काम सुरू झाले आणि १९४९ साली मुंबईत जोडलेली जीप रस्त्यावर आली. पन्नासच्या दशकात तिचे भागही हळूहळू इथेच घडू लागले. कलेक्टर, मामलेदार, जंगलखात्याचे साहेब, देवीचे डॉक्टर आणि निवडणुकीचे उमेदवार हे सगळे जीपमधून खेड्यात शिरले. जिथे सडक संपे तिथवर मोटार येई, आणि त्यापुढे जीप जाई.

नाशिककरांना जीपचे अप्रूप नव्हते. देवळाली हा लष्कराचा जुना तळ. लष्कराने निकालात काढलेल्या गाड्यांचा लिलाव होई आणि तात्यांनी १९६१ साली अशीच एक जीप घेतली. मागची आसने काढून त्यांनी फळ्यांचा हौदा बसवला. आज जिला आपण पिकअप म्हणतो ती गाडी आमच्या गावात अशी घरगुती पद्धतीने तयार झाली. पेठ, हरसूलच्या बाजूने आंबे, नागली आणि गवत नाशिकला आणायचे, आणि परत जाताना मीठ, कापड, रॉकेलचे डबे न्यायचे. वर माणसे बसत ती वेगळी.

वहीचे पहिले पान मैल आणि गॅलनमध्ये आहे. “गॅलनास २० मैल, सडक.” त्याखाली दोन महिन्यांनी, “गॅलनास १३, हरसूल, पाऊस, पुढची चाके जोडून.” आजच्या मापात सांगायचे तर वीस मैल म्हणजे लिटरला सात किलोमीटर आणि तेरा मैल म्हणजे साडेचारच्या जरासे वर. तीच गाडी, तेच इंजीन, तोच हाकणारा. फरक फक्त वाटेचा. तात्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पण एका गाडीला एक ॲव्हरेज नसते हे त्यांनी पहिल्याच पानावर ओळखले होते. त्यांनी सरासरी कधी काढलीच नाही. प्रत्येक वाटेचा आकडा वेगळा लिहिला. “पेठ, भरलेली.” “पेठ, रिकामी.” “सावळघाट, चढ.” अशी ओळीमागून ओळ.

जीप इतकी का पिई, याची कारणे साधी आहेत. तिचे नाक सपाट, काच भिंतीसारखी उभी. वारा कापीत जाण्याऐवजी ती वाऱ्याला ढकलीत जाते. खडकात धरून राहणारी जाडजूड खाचांची टायरे डांबरी सडकेवर घासत जातात. पुढच्या चाकांची जादा यंत्रे, लागोत न लागोत, सोबत वाहावीच लागतात. डोंगर चढण्यासाठी दिलेले गिअर सपाटीवर इंजिनाला उगाच जास्त फिरवतात. ज्या ज्या गुणांमुळे ती चिखलातून वर येते त्या प्रत्येक गुणाची किंमत ती सडकेवर तेलाने चुकवते. ही गोष्ट १९६१ साली खरी होती. आजच्या नव्या फोर बाय फोर गाडीलाही ती तितकीच लागू आहे.

तरीही १९७३ पर्यंत तात्यांचे बरे चालले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब आणि इस्रायल यांचे युद्ध झाले आणि अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. युद्धापूर्वी पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळणारे तेल १९७४ च्या जानेवारीत अकरा डॉलरच्या वर गेले. आपल्या सरकारने पेट्रोलचे दर एकदम चढवले. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीत ते एका दिवसाचे आंदोलन होते. आमच्या गावात बैलगाडी खरोखरच परत आली. तात्यांनी जीप कडुलिंबाखाली उभी केली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. वहीत त्यानंतर चार वर्षांत जेमतेम दोन पाने भरली आहेत. त्यांतल्या बहुतेक फेऱ्या बाळंतीण किंवा आजारी माणूस नाशिकच्या दवाखान्यात पोचवण्याच्या. अशा फेऱ्यांपुढे भाड्याची रक्कम नाही, नुसती आडवी रेघ आहे.

जी अडचण तात्यांची, तीच जीप बांधणाऱ्यांची. पेट्रोलची जीप कोण घेणार? उपाय त्यांच्या घरातच होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर या परदेशी कंपनीबरोबर १९६३ साली भागीदारीत काढलेल्या कारखान्यात महिंद्रांचे ट्रॅक्टर बनत होते. त्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाच्या धर्तीचे इंजीन सत्तरच्या दशकात जीपमध्ये बसू लागले. गमतीची गोष्ट अशी की, जे इंजीन नांगर ओढण्यासाठी जन्मले त्याने लढाईच्या गाडीला वाचवले.

डिझेलमध्ये असे काय आहे, हे घरातल्या मुलांनी विचारले तर इतके सांगावे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि तेल यांचे मिश्रण दाबून त्यावर ठिणगी टाकतात. फार दाबले तर ते अवेळी पेटते, म्हणून जुन्या जीपमध्ये ते जेमतेम साडेसहापट दाबत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने ठिणगीच काढून टाकली. नुसती हवा इतकी दाबायची की ती दाबानेच लालभडक तापावी, आणि मग तिच्यात तेलाची फवार सोडायची. १८९७ साली त्याचे यंत्र यशस्वी ठरले. लहान गाड्यांच्या डिझेल इंजिनांत हा दाब वीसपटीच्या घरात जाऊ लागला. दाब जितका जास्त तितके त्याच उष्णतेतून काम अधिक निघते. त्यात पुन्हा एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक दशांश उष्णता अधिक असते. म्हणून जिथे पेट्रोलची जीप सात किलोमीटर जाई तिथे डिझेलची दहा-अकरा जाऊ लागली. त्यावर सरकारने शेती आणि वाहतूक यांसाठी डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवला होता. दोन्ही बाजूंनी फायदा.

तात्यांनी १९७८ साली ट्रॅक्टरच्या जातीचे एक जुने डिझेल इंजीन जीपमध्ये बसवून घेतले. पैसे कोठून आणले, ते घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मला त्या जीपची आठवण आहे ती पुढच्या दहा वर्षांनंतरची. इंजीन चालू झाले की हौद्यातल्या फळ्या, आमचे दात आणि आजीच्या कपाळावरचा पदर, सगळे एकदम थरथरू लागे. आवाज असा की बोलणे खुंटावे. पण वहीतला आकडा बोलत होता : “सडक ११. पेठ भरलेली ९. हरसूल पाऊस ७.”

याच सुमारास जीपच्या कथेने वळण घेतले ते थेट आमच्या जिल्ह्याकडे. १९७९ साली महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एका डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. त्याचे नाव एक्स.डी.पी. ४.९०, म्हणजे चार नळकांडी, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. हे ट्रॅक्टरचे नव्हे तर गाडीसाठी बनवलेले इंजीन होते. हलके, चपळ आणि पुष्कळ कमी थरथरणारे. नाशिकला सातपूरच्या बाजूस महिंद्रांचा कारखाना १९८१ च्या सुमारास उभा राहिला, आणि ऐंशीच्या दशकात इगतपुरीला, घाटाच्या ऐन माथ्यावर, इंजिनांचा कारखाना चालू झाला. त्या इंजिनाची एम.एम. ५४० ही जीप ज्यांनी चालवली ते आजही तिचे नाव काढले की हळवे होतात. पुढे काळ्या-पिवळ्या जीपगाड्या तालुक्यातालुक्यांत धावू लागल्या आणि जिथे एस.टी. दिवसातून एकदा जाई तिथे दर तासाला वाहन मिळू लागले. त्या काळ्या-पिवळ्यांत बारा-पंधरा माणसे कोंबून बसवीत, हे काही भूषण नव्हे. पण भाडे गरिबाला परवडे ते लिटरमागे मिळालेल्या त्या चार-पाच जादा किलोमीटरांमुळे, हेही विसरून चालणार नाही.

२००० साली बोलेरो आली. ती नाशिकला बनू लागली आणि तिच्याच वंशात पिकअप वाढली. कंपनी कोणतीही असो, आज नाशिक जिल्ह्यात शेतमालाचा पहिला प्रवास बहुतेक पिकअपनेच होतो. गिरणाऱ्याचा टोमॅटो, दिंडोरीची द्राक्षे, लासलगावच्या वाटेवरचा कांदा, सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरी, हा सारा माल बांधावरून तिनेच उचलला जातो. बैलगाडीने जितकी जागा सोडली तितकी तिने घेतली.

इतके होईतो डिझेलचे दिवस फिरले. पेट्रोलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण २०१० च्या जूनमध्ये उठले आणि डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरात. २०१७ च्या जूनपासून दर रोज सकाळी बदलू लागले. २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईत डिझेलनेही लिटरमागे शंभर रुपयांची रेघ ओलांडली. ज्या स्वस्ताईवर दोन पिढ्यांनी गाड्या घेतल्या ती स्वस्ताई गेली. म्हणून तर तो दसऱ्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त बोचरा झाला आहे.

दिवाळीच्या आधी तो विद्यार्थी आला. मी तात्यांची वही त्याच्यासमोर ठेवली आणि विचारले, “तुझा तो पंधराचा आकडा कोठून आला, ठाऊक आहे?”

तो म्हणाला, “कंपनीनं काढलाय, गुरुजी. खोटा कसा असेल?”

खोटा नसतो, आणि मी त्याला तेच सांगितले. अशा चाचण्या बंद जागेत होतात. गाडी रोलरवर उभी करून तिची चाके जागच्या जागी फिरवतात. वेग केव्हा वाढवायचा, केव्हा थांबायचे, याचे ठरलेले वेळापत्रक असते. वाऱ्याचा विरोध रोलरला ताण देऊन निर्माण करतात. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये अशा चाचण्या चालतात. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकच परीक्षा हवी, आणि त्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण त्या रोलरला सावळघाट ठाऊक नाही. तिथे चाकाला चिखल लागत नाही, पाठीवर पन्नास-साठ क्रेट नसतात आणि बाजार समितीच्या फाटकाशी तासभर इंजीन चालू ठेवून उभे राहावे लागत नाही. शाळेतले गुण आणि संसारातले गुण यांत जो फरक, तोच या दोन आकड्यांत.

हा फरक मोठमोठ्या देशांनाही कबूल करावा लागला आहे. अमेरिकेत तेलटंचाईनंतर सरकार प्रत्येक मोटारीचा आकडा जाहीर करू लागले. लोकांची तक्रार आली की इतके मिळत नाही. तेव्हा १९८५ सालच्या गाड्यांपासून प्रयोगशाळेतल्या शहरी आकड्यातून शेकडा १० आणि हमरस्त्याच्या आकड्यातून शेकडा २२ वजा करून मगच तो छापू लागले. युरोपने जुनी चाचणी २०१७ पासून बदलून जास्त कडक केली, कारण कागद आणि सडक यांतले अंतर वर्षावर्षाला वाढत होते.

“मग माझा आकडा कोणता?” त्याने विचारले.

“तो तुझा तूच काढायचा.” मी म्हणालो. “टाकी गळ्यापर्यंत भर, काट्यावरचे किलोमीटर लिहून ठेव. फेरी कर, त्याच पंपावर पुन्हा तितकीच भर. किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसले, भागाकार कर. एका फेरीवर विश्वास ठेवू नकोस, चार-पाच फेऱ्या कर. आणि वाट, ओझे, पाऊस हे प्रत्येक वेळी शेजारी लिही.”

एस.टी.त हिशेब दर दहा लिटरला किती किलोमीटर असा धरतात. लिटरमागे दशांशात लपणारा फरक दहा लिटरला डोळ्यांत भरतो. तीही युक्ती मी त्याला सांगितली.

त्याने महिनाभर लिहिले. शेतापासून वाशीच्या बाजारापर्यंत आणि परत, अशी साधारण ३५० किलोमीटरची फेरी. आकडा आला अकरा. आम्ही दोघे फळ्याऐवजी त्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून बसलो. पंधराच्या हिशेबाने एका फेरीला सव्वातेवीस लिटर. अकराच्या हिशेबाने जवळजवळ बत्तीस. फरक साडेआठ लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर एका फेरीला साडेसातशेहून अधिक आणि महिन्याच्या वीस फेऱ्यांना पंधरा हजारांच्या वर. तो आकडा पाहून तो गप्प झाला. त्याच्या कर्जाचा हप्ता जवळपास तेवढाच होता. तो रात्ररात्र जागून गाडी चालवीत होता आणि एक सबंध हप्ता नळीतून धूर होऊन जात होता. भाडे ठरवताना त्याने तो धरलाच नव्हता.

मग आम्ही घाटाचे गणित केले. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत चढ सुमारे तीनशे मीटरचा. १८६५ साली येथून आगगाडी सुरू झाली. तेव्हापासून आजतागायत बहुतेक गाड्यांना जादा इंजिने लावून वर ढकलावे लागते. पावणेदोन टनांची रिकामी पिकअप नुसती तेवढी उंची चढायची म्हटली तर अर्ध्या लिटरहून जरा जास्त डिझेल जाते. दीड टन ओझे भरले की तेच लिटरभर होते. पण नाशिकच्या शेतकऱ्याला निसर्गाने एक सवलत दिली आहे. त्याचा माल उतारावर जातो आणि रिकामी गाडी चढावर येते. उलट परतीचे भाडे म्हणून कोणी खत किंवा सिमेंट वर न्यायला सांगितले तर त्याचा दर जास्त घ्यायला हवा. तो आजवर दोन्हीकडे एकच दर घेत होता.

दुसरी एक गोष्ट निघाली, ती ऐकून मी घाबरलो. घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून तो गाडी न्यूट्रल करीत असे. ही समजूत जुन्या ड्रायव्हरांपासून चालत आली आहे आणि ती चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि तेलाची फवार बंद होते. न्यूट्रल केले की इंजीन चालू राहण्यापुरते तेल जळतच राहते. शिवाय इंजिनाची ओढ जाऊन सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे तेलही जाते आणि जीवही धोक्यात. कसाऱ्याच्या दरीत आजवर काय काय गेले आहे, ते नाशिककरांना सांगायला नको.

२०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा खुला झाला. आता पावणेआठ किलोमीटरांच्या बोगद्यातून जाता येते. त्याने ती वाटही वहीत लिहिली. त्याला वाटले होते, आता ॲव्हरेज उसळी घेईल. वळणे वाचली, थांबणे वाचले, हे खरे. पण बोगद्याने चढ वाचत नाही. कोकण खालीच आहे आणि इगतपुरी वरच आहे. आणि मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की वारा आपला वाटा वसूल करतो. ताशी साठचे ऐंशी केले तर वाऱ्याचा विरोध पावणेदोनपट होतो. त्याने साठावर गाडी धरून पाहिली तेव्हा कुठे आकडा वर सरकला. अकराचे साडेबारा झाले. पंधरा काही झाले नाहीत. पण साडेबारा त्याचे स्वतःचे होते. त्यावर त्याने नवे भाडे मांडले. दोन व्यापारी सोडून गेले, बाकीचे राहिले.

वही परत देताना त्याने मला एक शंका विचारली. १९७८ नंतरच्या पानांवर प्रत्येक फेरीच्या शेवटी तात्यांनी एक छोटा रकाना आखला आहे. वर फक्त ‘पा.’ असे अक्षर. खाली दोन रुपये, तीन रुपये, कधी बारा आणे. “हे पा. म्हणजे पाऊस का, गुरुजी?”

लहानपणी मलाही तसेच वाटे. पुढे आईने सांगितले. ते अक्षर पाटल्यांचे होते. जीपमध्ये डिझेल इंजीन बसवण्यासाठी आजीने आपल्या दोन्ही पाटल्या काढून दिल्या होत्या. पेट्रोलवर जितका खर्च झाला असता आणि डिझेलवर जितका झाला, त्यातला फरक तात्या फेरीफेरीला वेगळा लिहीत आणि वेगळा ठेवीत. १९८३ साली एका पानावर तो रकाना संपतो. खाली दुहेरी रेघ आहे आणि आजीच्या नावाने सोनाराची पावती टाचलेली आहे. तात्या बायकोशी गोड बोलल्याचे मी कधी ऐकले नाही. पण पाच वर्षे दर फेरीला त्यांनी तिची आठवण ठेवल्याचा हा लेखी पुरावा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो पुन्हा आला. हातात लाल बांधणीची नवी वही होती. आमच्या घरच्या वहीपूजनात ती ठेवावी, असा त्याचा आग्रह. पूजा झाल्यावर मी ती उघडली. पहिल्या पानावर श्री, त्याखाली रकाने आखलेले : तारीख, वाट, ओझे, किलोमीटर, लिटर. शेवटी एक छोटा रकाना. वर नुसते ‘ह.’

मी काही विचारले नाही. हप्त्याचा तो रकाना भरत आला आहे, असे परवा कळले. आता त्याच्या दारात कोणी नवी गाडी पाहून ॲव्हरेज विचारले, तर तो उलट विचारतो, “कोणत्या वाटेचा सांगू?”